जुन्या ट्रॅक्टरमधील इंजिनबदल

जुन्या ट्रॅक्टरमधील इंजिनबदल म्हणजे शेतीच्या जुन्या ट्रॅक्टरचे मूळ इंजिन काढून त्याच्या जागी अधिक क्षमतेचे दुसरे इंजिन बसवणे होय. मूळ इंजिन दुरुस्तीपलीकडे गेले असेल, त्याचे सुटे भाग मिळत नसतील किंवा मालकाला त्याच ट्रॅक्टरवर अधिक मोठी अवजारे चालवायची असतील, तर हा पर्याय विचारात घेतला जातो. इंजिन खोलून त्याचे पिस्टन, लाइनर, बेअरिंग इत्यादी भाग बदलणे याला इंजिनबदल म्हणत नाहीत. ती इंजिनाची दुरुस्ती होय.

इंजिनाची अश्वशक्ती वाढली म्हणजे ट्रॅक्टरची ताकद तेवढीच वाढते, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात इंजिनात निर्माण झालेली शक्ती क्लच, गिअरपेटी, मागील धुरा आणि टायर यांतून जाऊन जमिनीपर्यंत पोहोचते. या साखळीतील सर्वांत दुबळा दुवा जेवढी शक्ती पेलू शकतो, तेवढीच शक्ती कामी येते. उरलेली शक्ती चाके घसरण्यात वाया जाते किंवा एखादा भाग तोडते. त्यामुळे इंजिनबदल हे संपूर्ण यंत्राचा समतोल बदलणारे काम मानले जाते.

इतिहास

इतर देशांत

ट्रॅक्टरमध्ये मोठे इंजिन बसवण्याची प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात विशेष वाढली. युद्धानंतर ब्रिटन आणि अमेरिकेत लहान ट्रॅक्टर मोठ्या संख्येने शेतावर आले. परंतु मोठी अवजारे ओढण्यास ते अपुरे पडू लागले. अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या ‘८एन’ या चार सिलिंडरच्या लहान ट्रॅक्टरमध्ये त्याच कंपनीच्या मोटारीचे सहा सिलिंडरचे किंवा ‘व्ही-८’ इंजिन बसवण्यासाठी कॅन्सस राज्यातील फंक कंपनीने जोडसंच विकले. मूळ ट्रॅक्टर तीस अश्वशक्तीच्या आतला होता, तर ‘व्ही-८’ इंजिन सुमारे १०० अश्वशक्तीचे होते. असे ट्रॅक्टर आज संग्राहकांकडे मोलाचे समजले जातात.

ब्रिटनमध्ये या बदलामागे इंधनाचे कारण अधिक होते. तेथील अनेक ट्रॅक्टर पेट्रोल किंवा रॉकेलवर चालत असत. पर्किन्स या इंजिन कंपनीने आपली डिझेल इंजिने अशा ट्रॅक्टरवर बसवता यावीत म्हणून तयार संच बाजारात आणले. फोर्डसन मेजर या ट्रॅक्टरसाठी सहा सिलिंडरचे ‘पी-६’ आणि फर्ग्युसन टीई-२० साठी तीन सिलिंडरचे ‘पी-३’ ही त्यांची उदाहरणे होत. फर्ग्युसन टीई-२० हा १९४६ ते १९५६ या काळात कोव्हेंट्री येथे पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झालेला ट्रॅक्टर होता. या संचांचे वैशिष्ट्य असे, की इंजिनासोबत जोडपट्टी, आधार आणि आवश्यक नळ्या हे सर्व त्या विशिष्ट ट्रॅक्टरसाठीच आखलेले असे.

भारतात

स्वातंत्र्यानंतर भारतात पडीक जमीन लागवडीखाली आणण्यासाठी केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेमार्फत युद्धकाळातील यंत्रे वापरली गेली. शेतकऱ्यांकडील ट्रॅक्टर मात्र दीर्घकाळ आयात केलेलेच होते. देशांतर्गत निर्मितीस १९५९ पासून आरंभ झाला. त्या वर्षी फरिदाबाद येथील आयशर कंपनीच्या कारखान्यातून पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. त्यानंतर ‘टॅफे’, ‘एस्कॉर्ट्स’, ‘एचएमटी’ व ‘स्वराज’ हे उत्पादक पुढे आले.

महाराष्ट्रात इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्रा आणि महिंद्रा व व्होल्टास यांच्या सहकार्यातून ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ स्थापन झाली. मुंबईतील कांदिवली येथील तिच्या कारखान्यात १९६० च्या दशकात ‘बी-२७५’ हा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. ही कंपनी १९७७ मध्ये महिंद्रा आणि महिंद्रामध्ये विलीन झाली. पुढे नागपूर येथेही महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना उभा राहिला. ‘२७५’ हा आकडा कंपनीच्या नंतरच्या मॉडेलांच्या नावातही टिकून आहे.

बी-२७५ : उत्पादकाने वाढवलेली शक्ती

मूळ ब्रिटिश बनावटीच्या बी-२७५ या ट्रॅक्टरचा वंश इंजिनबदलाचे तत्त्व समजून घेण्यास उपयोगी आहे. या मालिकेतील बी-२५० हा ट्रॅक्टर १९५६ मध्ये आला. त्यात ‘बीडी-१४४’ हे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन होते व त्याची शक्ती सुमारे ३० अश्वशक्ती होती. १९५८ मध्ये आलेल्या बी-२७५ मध्ये तेच इंजिन सुमारे ३५ अश्वशक्ती देण्याइतके सुधारण्यात आले. १९६० च्या दशकाच्या आरंभी आलेल्या बी-४१४ मध्ये ‘बीडी-१५४’ हे इंजिन बसवण्यात आले व शक्ती सुमारे ४० अश्वशक्तीपर्यंत गेली.

बीडी-१४४ आणि बीडी-१५४ या दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ४ इंच आहे. पहिल्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ३ ३/८ इंच, तर दुसऱ्याचा ३ १/२ इंच आहे. एवढ्याशा फरकाने इंजिनाची घनक्षमता सुमारे २.३५ लिटरवरून सुमारे २.५ लिटर झाली. नावातील आकडे घनइंचांतील क्षमता दर्शवतात.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. उत्पादकाने प्रत्येक टप्प्यावर केवळ पाच अश्वशक्ती वाढवली. आणि ती वाढवताना उर्वरित यंत्रही बदलले. बी-२५० ला पुढे जाण्याचे पाच गिअर होते, तर बी-२७५ ला आठ गिअर देण्यात आले. एकाच वंशातील इंजिने परस्परांच्या जागी बसवणे तुलनेने सोपे व कमी जोखमीचे ठरते, याचे कारण अशा टप्प्याटप्प्याच्या रचनेत आहे. दुसऱ्या कंपनीचे किंवा ट्रकचे इंजिन बसवताना हा आधार उरत नाही.

तांत्रिक तत्त्वे

शक्ती आणि टॉर्क

टॉर्क म्हणजे फिरवणारा जोर, तर शक्ती म्हणजे तो जोर किती वेगाने काम करतो याचे माप. किलोवॅटमधील शक्तीला ९,५४९ ने गुणून मिनिटातील फेऱ्यांनी भागल्यास न्यूटन-मीटरमधील टॉर्क मिळतो. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ०.७४६ किलोवॅट. या सूत्रानुसार मिनिटाला २,००० फेऱ्यांवर ३५ अश्वशक्ती देणाऱ्या इंजिनाचा टॉर्क सुमारे १२५ न्यूटन-मीटर येतो. तितक्याच फेऱ्यांवर ५० अश्वशक्ती देणाऱ्या इंजिनाचा टॉर्क सुमारे १७८ न्यूटन-मीटर असतो. म्हणजे क्लच व गिअरपेटीच्या पहिल्या शाफ्टवर पूर्वीपेक्षा चाळीस टक्क्यांहून अधिक भार येतो.

चाकांची पकड

नांगर ओढताना ट्रॅक्टर किती जोर लावू शकतो, हे बहुतेक वेळा इंजिनावर नव्हे तर मागील चाकांवरील वजनावर आणि जमिनीच्या पकडीवर ठरते. समजा, मागील चाकांवर १,४०० किलो वजन आहे आणि कोरड्या शेतात त्याच्या निम्म्याइतका ओढ मिळतो. अशा वेळी ट्रॅक्टर सुमारे ७०० किलो जोराने अवजार ओढू शकतो. ताशी ५ किलोमीटर वेगाने हे काम करण्यास अवजाराकडे सुमारे १३ अश्वशक्ती पोहोचावी लागते. चाकांची घसरण, चाके फिरण्यास मातीचा होणारा रोध आणि गिअरमधील घट धरली, तरी इंजिनाकडून २० ते २५ अश्वशक्तीच मागितली जाते. त्याहून अधिक जोर दिल्यास चाके जागच्या जागी फिरू लागतात.

याच उदाहरणात ३५ अश्वशक्तीचे इंजिन पूर्णपणे वापरायचे असेल, तर वेग ताशी ८ किलोमीटरच्या आसपास न्यावा लागतो. ५० अश्वशक्तीचे इंजिन बसवल्यास ट्रॅक्टर अधिक रुंद नांगर ओढू शकत नाही. तो फक्त तोच नांगर अधिक वेगाने ओढू शकतो. लहान तुकड्यांच्या शेतीत, जेथे प्रत्येक काही मीटरवर वळावे लागते, तेथे हा वेग वापरता येत नाही.

पीटीओवरील कामे

ट्रॅक्टरच्या मागील बाजूस अवजार फिरवण्यासाठी असलेल्या शाफ्टला पीटीओ म्हणतात. रोटाव्हेटर, मळणी यंत्र, पंप व जनित्र ही अवजारे त्यावर चालतात. येथे शक्ती चाकांच्या पकडीवर अवलंबून नसल्याने मोठ्या इंजिनाचा लाभ प्रत्यक्ष मिळतो. तथापि येथेही मर्यादा आहे. सर्वसाधारण पीटीओ शाफ्ट ३५ मिलिमीटर व्यासाचा, सहा खाचांचा आणि मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी योजलेला असतो. या वेगावर ३५ अश्वशक्तीसाठी शाफ्टवर सुमारे ४६० न्यूटन-मीटर, तर ५० अश्वशक्तीसाठी सुमारे ६६० न्यूटन-मीटर टॉर्क येतो. शाफ्ट हा भार पेलला, तरी त्यामागील जुने गिअर आणि बेअरिंग पेलतीलच असे नाही.

नव्या इंजिनाचा निर्धारित वेग मूळ इंजिनापेक्षा अधिक असल्यास पीटीओही त्याच प्रमाणात अधिक वेगाने फिरतो. २,००० ऐवजी २,५०० फेऱ्यांवर इंजिन चालवल्यास पीटीओ ५४० ऐवजी ६७५ फेऱ्यांपर्यंत जातो. अवजार इतक्या वेगासाठी बनवलेले नसते. त्यामुळे गव्हर्नर बसवून इंजिनाचा वेग मूळ मर्यादेत ठेवणे आवश्यक असते.

बदलावे किंवा तपासावे लागणारे भाग

सांगाडा

मोटार किंवा ट्रकला स्वतंत्र चौकट असते व इंजिन तिच्यावर ठेवलेले असते. बऱ्याच ट्रॅक्टरांत अशी चौकट नसते. इंजिनाचा ब्लॉक, क्लचचे घर, गिअरपेटी आणि मागील धुऱ्याचे घर एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात व हीच रांग ट्रॅक्टरचा कणा असते. पुढील धुऱ्याचा भार इंजिनावरूनच मागे येतो. अशा ट्रॅक्टरमध्ये मोटारीचे इंजिन बसवल्यास त्याचा ब्लॉक हा भार सोसू शकत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंनी पोलादी आधारचौकट द्यावी लागते. वेल्डिंग केलेले तात्पुरते आधार खड्ड्यांतून जाताना तडकण्याचा धोका असतो.

जोडपट्टी आणि समरेषा

नव्या इंजिनाचा मागील भाग आणि ट्रॅक्टरच्या क्लचचे घर यांच्या बोल्टची छिद्रे जुळत नसल्यास जाड पोलादी जोडपट्टी तयार करतात. क्रँकशाफ्ट आणि गिअरपेटीचा पहिला शाफ्ट एकाच रेषेत असणे अत्यावश्यक असते. ही रेषा डायल गेजने तपासतात. मिलिमीटरच्या काही दशांशांचा फरकही क्लच प्लेटचे मधले भाग फोडण्यास आणि शाफ्टचे बेअरिंग झिजवण्यास पुरेसा ठरतो.

क्लच

क्लच किती टॉर्क पुढे पाठवू शकतो हे प्लेटच्या अस्तराचे घर्षण, स्प्रिंगचा दाब आणि प्लेटचा व्यास यांवर ठरते. मोठ्या इंजिनास मूळ क्लच ठेवल्यास तो भाराखाली घसरतो, तापतो आणि जळतो. मोठा क्लच बसवल्यास तो घसरत नाही. परंतु त्यामुळे जादा भार थेट गिअर, क्राउन-पिनियन आणि हाफ शाफ्टवर जातो. मूळ क्लच घसरणे हे या अर्थाने पुढील भागांचे संरक्षणही असते.

शीतकरण आणि हवा

डिझेल इंजिनात जळालेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी साधारण एक-तृतीयांश भाग थंड करणाऱ्या पाण्यातून बाहेर टाकावा लागतो. शक्ती वाढली की ही उष्णताही वाढते. म्हणून रेडिएटर, पंखा आणि पाण्याचा पंप नव्या इंजिनाच्या मापाचे असावे लागतात. आयशरच्या हवेने थंड होणाऱ्या एक सिलिंडरी ट्रॅक्टरांना रेडिएटरच नसतो. तेथे पाण्याने थंड होणारे इंजिन बसवायचे तर संपूर्ण व्यवस्था नव्याने उभारावी लागते. हवेच्या गाळणीची क्षमताही तपासावी लागते, कारण अपुऱ्या गाळणीमुळे धूर वाढतो आणि धूळ आत गेल्यास सिलिंडर लवकर झिजतात.

हायड्रॉलिक, सुकाणू आणि ब्रेक

काही ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक पंप इंजिनावर, तर काहींत गिअरपेटीत असतो. पंप इंजिनावर असल्यास नव्या इंजिनावर त्याची जागा शोधावी लागते. अन्यथा मागील तीन बिंदूंची उचल बंद पडते. जड इंजिनामुळे पुढील चाकांवर भार वाढून सुकाणू जड होते. वेग २५ टक्क्यांनी वाढल्यास थांबवावी लागणारी गतिज ऊर्जा सुमारे ५६ टक्क्यांनी वाढते. जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेक, विशेषतः भरलेली ट्रॉली मागे असताना, त्यासाठी अपुरे पडतात.

कामाची पद्धत

इंजिनबदलापूर्वी दोन्ही इंजिनांची लांबी, रुंदी, उंची, वजन, फिरण्याची दिशा आणि निर्धारित वेग मोजून घेतात. त्यानंतर बॅटरी सोडवून पाणी, तेल व डिझेल काढले जाते. ट्रॅक्टरचा मागील भाग क्लचच्या घराखाली भक्कम स्टँड देऊन आणि चाकांना अटकाव लावून स्थिर करतात. पुढील धुरा, रेडिएटर व इंधनाची टाकी वेगळी केल्यावर इंजिन साखळीच्या कप्पीने उचलतात. याला मेकॅनिकांच्या भाषेत ट्रॅक्टर ‘फोडणे’ म्हणतात. केवळ जॅकवर तोललेल्या ट्रॅक्टरखाली काम करणे हे अशा कामातील गंभीर अपघातांचे कारण असते.

नवे इंजिन बसवल्यावर प्रथम ते भाराशिवाय चालवून तेलाचा दाब, पाण्याचे तापमान व गळती पाहतात. नंतर हलक्या कामावर काही तास चालवून बोल्ट पुन्हा आवळतात. क्लच घसरतो का, गिअर सहज पडतात का आणि पूर्ण वेगाला पीटीओ किती फेऱ्या करतो, हे तपासल्यानंतरच पूर्ण भाराचे काम दिले जाते.

धानपट्ट्यातील उपयोग

सौंदड हे गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील गाव नागपूर–रायपूर राष्ट्रीय महामार्गावर असून गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावर तेथे रेल्वे स्थानक आहे. जुन्या भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. माजी मालगुजारी तलावांच्या या प्रदेशात धान हे मुख्य पीक आहे. या भागातील शेतीची रचना ट्रॅक्टरच्या इंजिनाविषयीचा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा वेगळा करते.

धानाची शेती धुऱ्यांनी वेढलेल्या लहान बांध्यांमध्ये होते. पावसाळ्यात बांधीत पाणी साठवून चिखलणी करतात व परहे तयार झाल्यावर रोवणी होते. चिखलणीमुळे वरचा थर मऊ होतो आणि त्याखाली एक घट्ट थर तयार होतो. हा थर पाणी धरून ठेवतो व ट्रॅक्टरलाही आधार देतो. ट्रॅक्टर अधिक जड झाल्यास तो हा थर फोडून खाली रुततो. त्यामुळे कोरडवाहू नांगरणीत उपयोगी पडणारे जादा वजन चिखलात अडचणीचे ठरते. मागील चाकांना लोखंडी केजव्हील जोडून पकड वाढवली जाते; परंतु त्यामुळे मागील धुऱ्यावर येणारा पीळही वाढतो.

जमिनीचा प्रकारही महत्त्वाचा असतो. या भागातील शेतकरी जमिनीची कन्हार, मोरांड, सिहर, बर्डी अशी विभागणी करतात. काळी व चिकट कन्हार ओली असताना यंत्राला धरून ठेवते, तर हलक्या सिहर जमिनीत ओढ कमी लागतो. एकाच ट्रॅक्टरला या दोन्ही जमिनींत सारखे इंजिन सारखे फळ देत नाही.

रोटाव्हेटरने चिखलणी करताना शक्ती पीटीओतून जाते व त्याची पाती चिखलात ट्रॅक्टरला काहीशी पुढेही ढकलतात. म्हणून येथे इंजिनाची थोडी जादा शक्ती उपयोगी पडते, मात्र इंजिनाचे वजन मूळ इंजिनाइतकेच असावे लागते. एकाच वंशातील किंचित मोठे इंजिन या अटीत बसते. ट्रकचे जड इंजिन बसत नाही. लहान बांध्यांसाठी पॉवर टिलर हा हलका पर्यायही वापरात आहे.

इंधन आणि खर्च

पूर्ण भारावर डिझेल इंजिन एका किलोवॅट-तासासाठी साधारण २५० ग्रॅम इंधन जाळते. या हिशेबाने ३५ अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला सुमारे ८ लिटर, तर ५० अश्वशक्तीचे सुमारे ११ लिटर डिझेल घेते. मोठे इंजिन कमी भारावर चालवल्यास त्याची कार्यक्षमता घटते व त्याच कामासाठी अधिक इंधन लागते.

खर्चाचा विचार करताना इंजिनाच्या किमतीसोबत जोडपट्टी, क्लच, रेडिएटर, नळ्या, मजुरी व हंगामात ट्रॅक्टर बंद राहण्याचा तोटा मिळवावा लागतो. मूळ इंजिनाचे लाइनर-पिस्टन बदलणे, फ्युएल पंप व नोझल तपासून घेणे यांनीही झीज झालेल्या इंजिनाची गमावलेली शक्ती बऱ्याच अंशी परत मिळते. मोठ्या शक्तीची गरज हंगामात थोडेच दिवस असल्यास अवजारे बँकेतून किंवा शेजारच्या शेतकऱ्याकडून मोठा ट्रॅक्टर भाड्याने घेणे किफायतशीर पडते. केंद्र शासनाच्या २०१४-१५ पासून सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अशा भाडेतत्त्वावरील केंद्रांना साहाय्याची तरतूद आहे.

कायदेशीर बाजू

भारतात शेतीचा ट्रॅक्टर हे मोटार वाहन असून त्याची नोंदणी करावी लागते. नोंदणी प्रमाणपत्रात, म्हणजे बोलीभाषेतील आरसी बुकात, चेसिस क्रमांकासोबत इंजिन क्रमांकही लिहिलेला असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ लावताना उत्पादकाच्या मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल मान्य नसल्याचे स्पष्ट केले.

इंजिन बदलल्यास त्याची माहिती १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला देऊन प्रमाणपत्रात नोंद करून घेण्याची तरतूद याच कलमात आहे. गोंदिया जिल्ह्यातील ‘एमएच ३५’ क्रमांकाच्या वाहनांसाठी हे काम गोंदिया येथील परिवहन कार्यालयात होते. तेच मॉडेल व तीच क्षमता असलेले इंजिन बसवणे आणि वेगळ्या क्षमतेचे इंजिन बसवणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात काम सुरू करण्यापूर्वीच कार्यालयाकडे विचारणा करणे इष्ट असते. २०१९ च्या दुरुस्तीने आणलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

इंजिन क्रमांक जुळत नसल्यास विम्याचा दावा, ट्रॅक्टरची विक्री आणि कर्जाचा बोजा उतरवणे या बाबी अडचणीत येतात. जुने इंजिन विकत घेताना त्याचे बिल व मूळ वाहनाची कागदपत्रे घेणे आवश्यक असते, कारण चोरीच्या वाहनाचे इंजिन असल्यास खरेदीदारही चौकशीत येतो.

सुरक्षितता

ट्रॅक्टर मागे उलटणे हा शेतीतील सर्वांत घातक अपघातांपैकी एक आहे. मागील चाके चिखलात अडकली असता इंजिनाने जोर दिला, तर चाके फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचा पुढील भाग धुऱ्याभोवती वर उचलला जातो. हे सर्व दोन सेकंदांपेक्षाही कमी वेळात घडते व चालकाला क्लच दाबण्यास अवधी मिळत नाही. इंजिनाचा टॉर्क जितका अधिक, तितका हा धोका अधिक. रुतलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांना लाकडी ओंडका बांधून तो बाहेर काढण्याची पद्धत याच कारणामुळे जीवघेणी ठरते. ओढण्याची साखळी मागील धुऱ्यापेक्षा उंच ठिकाणी बांधल्यासही हाच परिणाम होतो.

जुन्या ट्रॅक्टरांना उलटल्यावर चालकाचे रक्षण करणारी कमान बहुधा नसते. शक्ती वाढवलेल्या ट्रॅक्टरवर अशी कमान आणि आसनपट्टा बसवणे, पीटीओ शाफ्टवर आवरण ठेवणे आणि पुढील बाजूस योग्य वजन लावणे हे उपाय सुचवले जातात. पंजाबमध्ये ट्रॅक्टरवरील कसरतींत चालकाचा मृत्यू झाल्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील शासनाने अशा कसरतींवर बंदी घातली.

जतनाचा दृष्टिकोन

जुन्या यंत्रांच्या संग्राहकांच्या दृष्टीने मूळ इंजिन असलेला ट्रॅक्टर अधिक मोलाचा असतो. भारतात २०२१ मध्ये आलेले विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व प्रवासी चारचाकी वाहनांसाठी आहेत आणि त्यांत वाहन मूळ स्वरूपात असण्याची अट आहे. ट्रॅक्टर त्या नियमांच्या कक्षेत येत नाही. तरीही मूळपणाचा हाच निकष ट्रॅक्टर जतन करणारेही मानतात. त्यामुळे इंजिनबदल करताना मूळ इंजिन मोडीत न काढता तेल लावून कोरड्या जागी ठेवणे, ट्रॅक्टरच्या ओतीव भागांना नवी छिद्रे न पाडणे आणि सर्व जोड बोल्टने करणे योग्य समजले जाते. असा बदल पुढे पूर्ववत करता येतो.